पायांची शिवशिव

आमच्या घरी रात्रीची जेवणं झाली की माझ्या वजनाला किंमत येत असे. आई ओसरीवर पालथी पडायची आणि म्हणायची, "तुडव गं बाळे, पोटऱ्या तुडव." मी भिंतीला हात टेकून तिच्या पोटऱ्यांवर उभी राहायची, टाचेकडून गुडघ्याकडे आणि गुडघ्याकडून टाचेकडे जायची. मजुरी म्हणून गुळाचा खडा मिळे. हे १९७५-७६च्या सुमाराचं, वाळवा तालुक्यातल्या एका खेड्यातलं. मला झोप अनावर झाली की मी उतरायची, आणि मग आई उठायची. ओसरी, अंगण, परसातला हौद, पुन्हा ओसरी. दोन्ही पोटऱ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळून बांधलेल्या. कधी ती शहाबादी फरशीवर अनवाणी उभी असायची, कधी हौदातलं गार पाणी पायांवर ओतून घेत असायची. पहाटे चारच्या पुढे तिचा डोळा लागे, आणि घरच्या सुनेनं उठायची वेळही नेमकी तीच. आजी म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे. रात्रभर हुंदडते आणि दिवस उगवला की लोळते."

सहा बाळंतपणं, जनावरं आणि दीड एकर जिराईत सांभाळणाऱ्या बाईला आळशी म्हणायला धाडस लागतं. पण घराघरांत ते धाडस असतंच. वडिलांनी एकदा तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे ती म्हणाली, "पायात किडे चालतात." डॉक्टरांनी पाय पाहिले. किडे नव्हते. ते वडिलांकडे वळून म्हणाले, "मनाचं आहे," आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गावात तोवर 'बाहेरचं' असल्याची कुजबुज सुरू झालेली होती, त्यामुळे मनगटात एक गंडाही आला. १९९८ साली आई गेली. तिच्या त्रासाला वैद्यकात नाव आहे आणि ते नाव तिच्या जन्माच्या आसपासच पडलेलं होतं, हे मला त्यानंतर चौदा वर्षांनी कळलं. तेही माझ्याच पायांनी कळवलं.

मी डॉक्टर नाही. एका दूध संघात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. फावल्या वेळात, गेली बावीस वर्षं, मी आमच्या भागातल्या बायकांच्या तोंडचे दुखण्याचे शब्द टिपून ठेवते आहे. मराठी ह्या बाबतीत फार श्रीमंत आहे. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते, चमक निघते, सणक जाते, गोळा चढतो, पेटका येतो. अंग कणकणतं, जखम चुरचुरते, कातडी हुळहुळते. प्रत्येक शब्दाला स्वतःची जागा आहे आणि एकाच्या जागी दुसरा वापरला तर म्हातारी बाई लगेच दुरुस्त करते. एवढी श्रीमंती असूनही एका त्रासापुढे ह्याच बायका अडखळायच्या: "दुखत नाही गं, पण... काय सांगू?" माझ्या वह्यांत अशा अडखळण्याच्या नोंदी आहेत. बराच काळ त्यांचा अर्थ मला लागला नव्हता.

अर्थ लागायला सुरुवात झाली ती एका नाटकाच्या प्रयोगाला. वर्ष २०१२, वय चव्वेचाळीस. दुसरा अंक रंगात आला होता आणि माझ्या पोटऱ्यांच्या आत, खोलवर, काहीतरी सरकू लागलं. दुखणं नाही, मुंगी नाही, खाजही नाही. एकच गोष्ट स्पष्ट होती: पाय हलवला नाही तर मी ओरडेन. पाय लांब केला, क्षणभर बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी उठले आणि उरलेला प्रयोग मागच्या दाराशी, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत पाहिला. तेव्हापासून नाट्यगृहात मी कडेची खुर्ची मागते. रात्रीच्या एसटीचा प्रवास मात्र सुटला तो सुटलाच.

ह्याचं वैद्यकातलं नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, थोडक्यात आर.एल.एस. 'अस्वस्थ पायांचा लक्षणसमूह' असं भाषांतर वाचण्यात येतं. ते चूक नाही, पण कुठल्याही बाईच्या तोंडी ते बसणार नाही.

*

तसं पाहिलं तर हा आजार ओळखायला सोपा आहे. त्यासाठी ना एक्स-रे लागतो ना एमआरआय. नीट विचारलेले प्रश्न लागतात. ह्या आजारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९९५ साली निकष ठरवले आणि पुढे ते सुधारले. त्यांचा गाभा असा: पाय हलवण्याची अनावर ऊर्मी होते का, बहुतेकदा आतल्या विचित्र संवेदनेसह? बसल्यावर, आडवं झाल्यावर ती सुरू होते किंवा वाढते का? चालल्यावर, ताणल्यावर, निदान चालत असेपर्यंत, ती कमी होते का? आणि संध्याकाळी-रात्री ती दिवसापेक्षा जास्त असते का? चारही उत्तरं 'हो' असली, तरी एक काम उरतं. हे दुसरंच काही नाही ना, याची खात्री करणं.

दुसरं काही बरंच असू शकतं. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट हाताला लागतो आणि जीव जाईल अशी कळ येते. इथे स्नायू मऊच असतो. मधुमेहात नसा बिघडल्या की तळपाय जळतात, बधिर होतात, पण चार पावलं टाकली म्हणून ते थांबत नाही. शिरा फुगल्या असतील तर उभं राहून पाय जड होतात आणि पडल्यावर बरं वाटतं, म्हणजे सगळं उलटंच. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी सगळ्या शरीराचीच एक बेचैनी येते, तीही निराळी. आणि बसल्या जागी गुडघा हलवत राहण्याची जी सवय असते, ज्यावरून "लक्ष्मी जाते घरातून" असं आपण पोरांना दटावतो, तिचा ह्याच्याशी बहुधा संबंध नसतो. त्या मुलाला आपण पाय हलवतोय हेच ठाऊक नसतं. ह्या रुग्णाला दुसरं काही ठाऊकच नसतं.

माझी स्वतःची अडचण पहिल्याच प्रश्नाशी होती. आपल्याकडे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "पाय दुखतात का?" आणि रुग्ण, विशेषतः बाई, "हो" म्हणते, कारण "नाही" म्हटलं तर विषय संपेल अशी तिला भीती असते. मीही "हो" म्हणाले. मग दुखण्याच्या गोळ्या, कॅल्शियम, बी-१२ची इंजेक्शनं, कमरेचा एक्स-रे, कमरेचा पट्टा. दोन वर्षं गेली. ह्या काळात झोप लागावी म्हणून एकांनी सर्दी-ॲलर्जीची जुन्या पद्धतीची, गुंगी आणणारी गोळी लिहून दिली. त्या रात्री मी पहाटेपर्यंत बसले नाही. पुढे वाचल्यावर कळलं की असल्या गोळ्या हा त्रास वाढवतात. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधं आणि नैराश्यावरची बरीच औषधंही वाढवू शकतात. आईच्या गोळ्या कुठल्या होत्या, हे आता कळायला मार्ग नाही.

*

ह्या आजाराचं पहिलं स्पष्ट वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस या वैद्याच्या १६७२ सालच्या लॅटिन ग्रंथात सापडतं. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. हा विलिस ऑक्सफर्डला प्राध्यापक होता. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं त्याला आजही त्याचं नाव आहे, आणि मेंदूवरच्या त्याच्या १६६४च्या ग्रंथासाठी चित्रं काढली होती क्रिस्टोफर रेनने, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. विलिसने लिहिलंय की काही माणसं झोपायला अंथरुणावर पडली की त्यांचे हातपाय उसळू लागतात आणि तळमळ अशी होते की छळाच्या जागी ठेवलं असतं तर जेवढी झोप लागली असती तेवढीच त्यांना तिथे लागते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. चुकून बसले म्हणायचं, दुपार होती.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १८६१ साली विटमाक या जर्मन डॉक्टरने त्याला लॅटिनमध्ये 'नडग्यांची चिंता' अशा अर्थाचं नाव दिलं आणि हिस्टेरियाच्या खात्यात टाकलं. नाव मिळालं, पण बरोबर शिक्काही बसला. तो पुसला स्वीडनच्या कार्ल-ॲक्सल एक्बॉम या मेंदूविकारतज्ज्ञाने. त्याने १९४४-४५ मध्ये रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून हा मज्जासंस्थेचा आजार आहे, तो विरळा नाही आणि घराण्यातून येतो, हे मांडलं. 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव त्याचंच.

एक्बॉमबद्दलची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्या नावाने वैद्यकात दोन आजार ओळखले जातात. एक हा. दुसरा त्याने १९३८ साली वर्णिलेला मानसिक आजार, ज्यात माणसाची पक्की खात्री असते की त्याच्या कातडीखाली खरोखर किडे फिरताहेत. काही रुग्ण डबीत कातडीचे कण घालून पुरावा म्हणून डॉक्टरांना दाखवायला आणतात. एकाच माणसाचं नाव, दोन टोकाचे आजार. पहिल्यातला रुग्ण म्हणतो, किडे चालल्यासारखं वाटतं. दुसरा म्हणतो, किडे चालतात. सगळा फरक 'सारखं' या एका शब्दाचा.

आणि आपण मराठी माणसं तो शब्द सर्रास गाळतो. "पायाला मुंग्या आल्या" म्हणताना कोणी "मुंग्या आल्यासारखं झालं" म्हणत नाही, आणि ऐकणाराही मुंग्या शोधायला वाकत नाही. आईने मुंगीच्या जागी किडा म्हटलं, एवढाच काय तो तिचा गुन्हा. रूढ वाक्प्रचारातून ती एक पाऊल बाहेर पडली आणि ऐकणाऱ्याने तिला थेट वेडाच्या हद्दीत नेऊन सोडलं.

मग मराठीत काय म्हणावं? माझ्या वह्या मी पुन्हा काढल्या. अडखळलेल्या बायकांपैकी काहींनी 'वळवळ' म्हटलं होतं, काहींनी 'ओढ', काहींनी 'पाय भरून येतात'. एका ऊस खुरपणाऱ्या आजींनी मात्र म्हटलं होतं, "रातचं पाय शिवशिवत्यात." मी ते टिपलं होतं आणि विसरले होते. शिवशिवणं हा शब्द आपल्याला हाताच्या संदर्भात माहीत आहे. मारायला हात शिवशिवतात, कामाला हात शिवशिवतात. त्यात दुखणं नाही, कृतीची अनावर ऊर्मी आहे. तज्ज्ञांच्या पहिल्या निकषात जे एक वाक्य खर्चून सांगावं लागतं ते ह्या क्रियापदात तयार आहे. "पाय दुखतात का" ऐवजी "रात्री पाय शिवशिवतात का, चाललं की थांबतं का" असं विचारून मी गेल्या काही वर्षांत आमच्या भागात बायकांशी बोलले आहे. जे उत्तर पूर्वी तीन भेटींत येत नव्हतं ते आता बऱ्याचदा एका वाक्यात येतं.

आयुर्वेदात हे होतं का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. सुश्रुतात पादहर्ष आहे, पायांना झिणझिण्या येण्याचा. 'खल्ली' नावाने पाय पिळवटून येण्याचं वर्णन आहे. दोन्ही जवळचे आहेत. पण रात्रीची वेळ आणि चालल्यावर आराम ह्या दोन खुणांवर हा आजार उभा आहे, आणि मला तिथे त्या दिसल्या नाहीत. ओढूनताणून आपल्या पूर्वजांच्या पदरात घालण्यात मला रस नाही.

*

आता कारणाकडे. आर.एल.एस.च्या अर्ध्याहून अधिक रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी तो असतो. २००७ साली ह्याच्याशी जोडलेली पहिली जनुकं सापडली. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट लोहाची आहे. १९५३ साली स्वीडनच्याच नॉर्डलँडर या डॉक्टरने ह्या रुग्णांना शिरेतून लोह दिलं आणि जवळजवळ सगळ्यांना आराम पडल्याचं लिहिलं. विशेष म्हणजे त्यातल्या सगळ्यांना काही रक्तक्षय नव्हता. त्या काळी शिरेतून लोह देणं धोक्याचं होतं, त्यामुळे असेल, पण ही वाट पुढे कित्येक वर्षं ओस पडली.

मग २०००च्या आसपास अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात लोहसाठ्याचं प्रथिन कमी असल्याचं दाखवलं. मृत्यूनंतर मेंदूदान केलेल्या रुग्णांच्या मेंदूतही, सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर भागात, लोह कमी आढळलं. रक्तात लोह पुरेसं असूनही मेंदूत कमी असू शकतं. मेंदूला एक राखणदार पडदा आहे आणि लोहाला तो ओलांडून जावं लागतं. ह्या भागात डोपामीन नावाचं रसायन तयार होतं; ते बनवणाऱ्या विकराला लोह लागतं. हालचालींचं नियंत्रण डोपामीनवर अवलंबून असतं. लोह आणि डोपामीन दोघांचंही दिवसभरात वरखाली होणं चालू असतं आणि रात्री ओहोटी येते. म्हणून आईची भिंगरी दहाला फिरू लागायची आणि पहाटे चारला थांबायची. साखळीतल्या काही कड्या अजून नीट जुळलेल्या नाहीत, पण वेळेचा हा हिशेब बसतो.

इथे एक गैरसमज दूर करते. पार्किन्सनमध्येही डोपामीनचाच प्रश्न असतो, पण तिथे ते बनवणाऱ्या पेशी मरतात. इथे तसं होत नाही. शिवशिवणारे पाय म्हणजे पार्किन्सनची पहिली पायरी नव्हे. पहिल्यांदा माझं निदान झालं तेव्हा दिलेल्या गोळीच्या घडीपत्रकात 'पार्किन्सन' हा शब्द वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते.

ती गोळी डोपामीनची नक्कल करणाऱ्या गटातली होती. १९८२ साली तुर्कस्तानच्या अकपिनार या डॉक्टरने लेव्होडोपाने ह्या रुग्णांना आराम पडतो हे दाखवलं आणि पुढे हा गट आला. पहिल्याच रात्री मी सहा तास झोपले. सकाळी उठून रडले. पुढची अडीच वर्षं सुखात गेली. मग त्रास नऊला सुरू होऊ लागला, मग सातला, मग दुपारी चारला हिशेबाच्या टेबलाशी. पायांतून तो हातांत आला. डॉक्टरांनी गोळी वाढवली; आठवडाभर बरं वाटलं, मग आणखी लवकर. गावाकडे ह्याला म्हणतात, औषध उलटलं. वैद्यकात ह्याला ऑगमेंटेशन म्हणतात आणि १९९६ पासून ते माहीत आहे. ह्या गटाच्या औषधांनी काहींचा जुगार, खरेदी, खाणं यांवरचा ताबाही सुटतो. मला ह्यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि विचारावं हे मलाही कळलं नव्हतं.

२०१८ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू, काही आठवड्यांत, कमी करत बंद केली. त्या आठवड्यांबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की असली गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नये. त्याच डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "फेरिटिन किती आहे?" मी म्हटलं, "हिमोग्लोबिन चांगलं आहे, १२.१." ते म्हणाले, "ते नाही विचारलं."

हा फरक प्रत्येक घरात माहीत हवा. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ. फेरिटिनवरून कळतं कणगीतलं धान्य. कणगी रिकामी होत आली तरी रोजचा डबा बराच काळ भरलेला दिसतो. माझं फेरिटिन १४ निघालं. पाळी जायच्या आधीची चार वर्षं झालेला रक्तस्राव कणगी खरवडून गेला होता. तरी लॅबच्या कागदावर १४ पुढे कसलीही खूण नव्हती, कारण तिथे खालची मर्यादा १० छापलेली होती. मर्यादा १०, आणि २०१८च्या तज्ज्ञगटाच्या शिफारशीनुसार आर.एल.एस.च्या रुग्णाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा. १० आणि ७५ यांच्या मधल्या पट्ट्यात किती बायका 'नॉर्मल' असा कागद हातात घेऊन रात्रभर अंगणात फिरत असतील?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. रक्तक्षय म्हणजे आर.एल.एस. नव्हे, हे खरं. आशियात हा आजार युरोपपेक्षा कमी आढळतो, हेही खरं. बंगळूरच्या २००७च्या पाहणीत शंभरात सुमारे दोन माणसांना तो होता. पण लोहाच्या अभावाने रक्तक्षय झालेल्यांत त्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, आणि स्त्रियांत तो पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. शिवाय पाहणीत प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे मी वर सांगितलंच आहे. ही माझी शंका आहे, सिद्धान्त नव्हे.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, साधारण चार-पाच बायकांत एकीला हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. माझ्या भाचीचा आठव्या महिन्यात रात्री दीडला फोन आला: "मावशी, पाय कापून टाकावेसे वाटतात." सासूबाई म्हणत होत्या, बाळ हुंदडं आहे म्हणून असं होतंय. तिचा तिसऱ्या आठवड्यात थांबला. आईची सहा बाळंतपणं. मी मनात मोजते आणि सोडून देते. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांतही तो खूप दिसतो. चार तास खुर्चीत पाय न हलवता पडून राहायचं, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी.

*

मला आधी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पोट धरलं, आकडा फार हलला नाही, मग शिरेतून लोह दिलं. आजची तयार औषधं नॉर्डलँडरच्या काळापेक्षा खूपच सुरक्षित आहेत, तरी ती रुग्णालयातच घ्यायची. फरक पडायला सहा आठवडे लागले. जादू नव्हती, एक दिवस लक्षात आलं की मी अख्खं जेवण बसून जेवले. गोळ्या घेणाऱ्यांनी त्या चहाबरोबर घेऊ नयेत, चहाने लोह अडतं, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. काहींना एक दिवसाआड घेतल्यास पोटाला सोसतं. आणि तपासल्याशिवाय लोह घेऊच नये. काही माणसांत, उदाहरणार्थ थॅलसेमियाच्या काही रुग्णांत, ते शरीरात साठून इजा करतं. तापात किंवा कुठे सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहतात.

लोहाने ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी आता गाबापेंटिन, प्रीगाबालिन ह्या औषधांना आधी जागा मिळते. २०२५ साली अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने आपल्या मार्गदर्शिकेत ती पुढे आणली आणि मी घेत होते त्या गटाचा नेहमीचा वापर नको म्हटलं. ह्यांचेही दोष आहेत: गुंगी, चक्कर, वयस्कांना पडण्याची भीती. मी अगदी थोडी मात्रा घेते.

बाकी उपाय आईचेच. पट्ट्या आवळणं, चेपणं, गार-गरम पाणी. त्यामागचं तत्त्व असं सांगतात की कातडी-स्नायूंकडून येणाऱ्या दुसऱ्या संवेदना ह्या शिवशिवीला दाबतात. संध्याकाळचं चालणं मला मानवतं, दमेपर्यंत केलेलं मानवत नाही. मन गुंतलं की त्रास मागे सरतो, हे अनेक रुग्ण सांगतात, आणि म्हणूनच 'मनाचं आहे' म्हणणाऱ्यांचं फावतं. रात्री अकरानंतरचं माझं लेखन उंच फडताळावर वही ठेवून, उभ्याने होतं. हा लेखही बराचसा तसाच झाला.

गेल्या दिवाळीत आत्या आल्या होत्या. वय त्र्याऐंशी. जेवणानंतर त्या ओसरीवर पाय चोळत बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. मी विचारलं, "आत्या, पाय शिवशिवतात?" त्या म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं? तुझ्या आईचं बघून मी आयुष्यभर गप्प राहिले." फेरिटिन ११ निघालं. गोळी एक दिवसाआड घेतात, पोट धरतं म्हणून कुरकुरतात, आणि पणतवाला अजून पोटऱ्यांवर उभा करतात. त्याची मजुरी कॅडबरी आहे.